हिमवादळात वीज: केदारकंठ्याचा बेस कॅम्प आणि ठाण्यातला फोन

ठाणे आणि नवी मुंबईतले ट्रेकर्सचे गट हिवाळ्यात उत्तराखंडात जातात, तेव्हा दोन माणसांवर जबाबदारी असते. एक सोबत जाणारा लीडर आणि दुसरा मागे राहून फोन सांभाळणारा. दुसऱ्याकडे सहभागींची यादी, घरच्यांचे नंबर, स्थानिक गाइडचा नंबर आणि हवामानाची पानं असतात. खालचं प्रकरण या दोघांच्या सरावासाठी रचलेलं आहे. माणसं, निरोप आणि वेळा काल्पनिक आहेत. ठिकाणं, उंच्या, ढगांचं शास्त्र आणि हवामानाच्या यंत्रणा खऱ्या आहेत. प्रश्न एकच: जोरदार बर्फ पडत असताना वीज चमकली, तर कॅम्पवर काय करायचं आणि ठाण्यातून काय सांगायचं?

परिस्थिती

जानेवारीचा शेवटचा आठवडा. घोडबंदर रोड, ऐरोली, खारघर असे मिळून १४ जण, एक लीडर, दोन स्थानिक गाइड, आचारी आणि मदतनीस. देहरादूनहून मसुरी, पुरोला, मोरीमार्गे सांकरी. पहिला मुक्काम जुडा का तालाब, साधारण २,८०० मीटर. दुसरा केदारकंठा बेस कॅम्प, साधारण ३,४०० मीटर. माथा सुमारे ३,८०० मीटर. पहाटे तीनला माथ्याकडे निघायचं, असा नेहमीचा बेत.

देहरादूनच्या हवामान केंद्राने उत्तरकाशी जिल्ह्याला नारंगी इशारा दिला होता: उंच भागात जोरदार बर्फ, काही ठिकाणी विजांसह गडगडाट. ठाण्यात फोन सांभाळणाऱ्या ताईंनी आणि लीडरनेही त्यातलं ‘जोरदार बर्फ’ घेतलं आणि ‘विजा’ सोडून दिल्या. जिथे पाऊस पडेल तिथे विजा, जिथे बर्फ तिथे नाही, असा सोयीचा अर्थ दोघांनी लावला. त्यामागे सह्याद्रीची सवय आहे. आपल्याकडे वीज म्हणजे मे अखेर, जूनचा पहिला आठवडा आणि ऑक्टोबर. उकाडा, दुपारनंतर मुरबाड-कर्जतच्या बाजूने चढणारे काळे ढग, मग वारा आणि कडकडाट. उणे तापमानात, शांतपणे बर्फ पडत असताना वीज होईल हे डोक्यातच येत नाही.

दुपारी दीडला गट कॅम्पवर पोचला. तंबू मोकळ्या उतारावर होते आणि झाडोरा खाली दहा-पंधरा मिनिटांवर. ३:४० ला बर्फ सुरू झाला, बारीक आणि सुटा. ४:५० ला त्याचं रूप पालटलं. पाकळ्यांऐवजी पांढरे, मऊ, गोल दाणे पडू लागले, भिजवलेल्या साबुदाण्याएवढे. तंबूच्या कापडावर पडले की टपटप वाजायचे, उसळी घ्यायचे आणि बोटांत दाबले की चुरा व्हायचे. पोरांनी फोटो काढले. ५:३५ ला सगळं आभाळ एकदम निळसर-जांभळं झालं. रेघ कुठे दिसली नाही, नुसता उजेड. साधारण पाच सेकंदांनी एक जड, बोदा आवाज आला, आणि तोही सगळ्यांना ऐकू आला नाही.

५:४५ ला लीडरचा निरोप ठाण्यात आला: “ताई, बर्फात वीज चमकली. आवाज एकदाच, दबका. सगळे ठीक. इथे रेंज मिळते म्हणून टेपाडावर आलोय.”

५:५२ ला ताईंनी विजा दाखवणारं दामिनी अॅप पाहून उत्तर पाठवलं: “दामिनीवर २० किलोमीटरमध्ये काहीच दिसत नाही दादा. लांबची असेल. काळजी घ्या.”

५:५२ पर्यंत मिळून तीन चुका झाल्या होत्या. त्या समजायच्या तर आधी ढगात काय चाललं होतं ते पाहावं लागेल.

ढगातला भाराचा कारखाना

ढगात विद्युतभार तयार व्हायला तीन गोष्टी एका जागी लागतात: शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब, बर्फाचे बारीक स्फटिक आणि वर वर्णन केलेले मऊ दाणे, म्हणजे ग्राउपेल. दाणे आणि स्फटिक एकमेकांवर आपटून सुटतात तेव्हा भार वाटला जातो. जड दाणे एक भार घेऊन खाली राहतात, हलके स्फटिक उलटा भार घेऊन वर जातात. हे मुख्यतः उणे १० ते उणे २० अंशांच्या आसपास घडतं. त्यासाठी हवा जोराने वर चढावी लागते, नाहीतर दाणे तयारच होत नाहीत. साध्या हिवाळी ढगात हवा सेकंदाला काही सेंटिमीटर इतकीच चढते. म्हणूनच जगभर पडणाऱ्या बर्फाच्या मानाने बर्फातली वीज दुर्मीळ.

दुर्मीळ असली तरी ती काही अद्भुत नव्हे. पश्चिमी विक्षोभ (हिवाळ्यात पाऊस-बर्फ आणणारी वादळी प्रणाली) पश्चिमेकडून येतो तेव्हा वरच्या थरात थंड हवेचा खळगा असतो, खाली अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा असते आणि मधे हिमालय तिला वर ढकलतो. अशा वेळी सपाट दिसणाऱ्या ढगाच्या पोटात उभे, जोरकस पुंजके तयार होतात. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर हे दर हिवाळ्यात होतं. सायबेरियाची कोरडी हवा कोमट समुद्रावरून येते, ओलावा उचलते आणि किनाऱ्याच्या डोंगरांवर चढते. तिथल्या कानाझावा शहरात वर्षाला गडगडाटाचे सरासरी ४० हून अधिक दिवस भरतात आणि त्यांतले बरेचसे हिवाळ्यात. अमेरिकेत मोठ्या सरोवरांच्या काठी आणि मोठ्या हिमवादळांच्या वायव्य अंगाला हाच प्रकार दिसतो.

आता उंचीचा हिशोब. मे महिन्यात ठाण्यावर शून्य अंशाची पातळी सुमारे ५,००० मीटरवर असते. भार तयार होणारा थर त्याहून वर, अंदाजे ६,७०० ते ८,३०० मीटरवर. येऊरच्या माथ्यावर उभा माणूससुद्धा त्या थरापासून सहा किलोमीटर खाली असतो. प्रकरणातल्या संध्याकाळी शून्याची पातळी २,३०० मीटरवर धरली आहे. उंचीच्या किलोमीटरमागे तापमानात ६ अंश घट धरली तर कॅम्पवर उणे साडेसहा अंश येतात, उणे १० अंशांची पातळी ३,९५० मीटरच्या आसपास आणि उणे २० अंशांची ५,६०० च्या पुढे. म्हणजे भार तयार करणारा थर तंबूंच्या डोक्यावर जेमतेम साडेपाचशे मीटरवर सुरू होत होता आणि केदारकंठ्याचा माथा त्याच्या तळाला टेकायला आला होता.

सह्याद्रीत आपण ढगाखाली असतो, इथे गट ढगात होता. सह्याद्रीत शिकलेले नियम इथे का चालत नाहीत, त्याचं मूळ या एका आकड्यात आहे.

मोजणी का फसते

वीज दिसली की सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचं, म्हणजे किलोमीटर मिळतात. हे गणित उणे तापमानातही जवळपास तेच राहतं: ध्वनीचा वेग ठाण्याच्या उन्हाळ्यात सेकंदाला साधारण ३५० मीटर, तर उणे साडेसहाला ३२७. पाच सेकंद म्हणजे दीड किलोमीटरच्या थोडं वर. आकडा बरोबर येतो, चुकतो तो त्यावरून काढलेला अर्थ.

उघड्या हवेत गडगडाट १५ किलोमीटरवरूनही ऐकू येतो. त्यामुळे ‘३० सेकंदांच्या आत आवाज आला तर आडोसा गाठा’ या नियमाला काही अर्थ असतो: वादळ दहा किलोमीटरवर असतानाच सावध होता येतं. पडणारा आणि पडलेला बर्फ आवाज गिळतो. बर्फात गडगडाट साधारण तीन ते पाच किलोमीटरपर्यंतच पोचतो. म्हणजे ऐकू आला याचा अर्थ वादळ आलेलंच आहे, आणि ऐकू आला नाही यावरून काहीच ठरत नाही. उजेडाचंही तसंच. हिमकणांमुळे तो सगळीकडे विखुरतो, त्यामुळे दिशा कळत नाही आणि वीज ढगातल्या ढगात होती की जमिनीवर आली तेही कळत नाही.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे संख्या. उन्हाळी वादळात विजा मिनिटाला अनेक होतात. हिमवादळात कधी एकच होते, मग वीस मिनिटं काही नाही, मग पुन्हा एक. ‘एकदाच झाली, गेली’ असं म्हणायला माणूस मोकळा होतो. शिवाय हिवाळी विजांमध्ये धन भाराच्या विजांचं प्रमाण जास्त असतं, आणि अशी एकेक वीज बऱ्याचदा नेहमीच्या विजेपेक्षा बराच जास्त भार जमिनीवर उतरवते. ढग इतका खाली असतो की उंच टोकं स्वतःहून वीज सुरू करतात. शिकागोत फेब्रुवारी २०११ च्या हिमवादळात, जेव्हा ओहेअर विमानतळावर ५३ सेंटिमीटरहून जास्त बर्फ पडला, तेव्हा अनेक विजा उंच इमारती आणि टॉवरांच्या टोकांवरून वर निघालेल्या नोंदल्या गेल्या.

तीन चुका

सर्वांत गंभीर चूक निरोपाच्या शेवटच्या वाक्यात आहे: ‘रेंज मिळते म्हणून टेपाडावर आलोय’. विजेची खबर द्यायला लीडर त्या उतारावरच्या सगळ्यांत उंच, उघड्या जागी हातात दोन धातूचे पोल घेऊन उभा राहिला. पोलांच्या टोकाशी सूं असा बारीक आवाज येत असेल, टोपीखाली केस ताठ होत असतील किंवा अंधारात पोलाच्या टोकाला फिकट निळी झाक दिसत असेल, तर जमिनीतून भार वर सरकतो आहे. तेव्हा निरोप अर्धवट टाकून खाली यायचं. मोबाइल वीज ओढून घेतो ही अफवा आहे. धोका मोबाइलचा नाही, तो घेऊन उभं राहायच्या जागेचा आहे. या मोहाला इथे एक कारणही आहे: सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर परवान्याशिवाय बाळगणं भारतात गुन्हा आहे, त्यामुळे रेंज शोधत फिरण्यावाचून गटाकडे दुसरा मार्ग नसतो. उपाय आधीच ठरवावा लागतो: हवा बिघडली तर निरोप येणार नाही, आणि न आलेला निरोप ही ठाण्यात घाबरण्याची गोष्ट नाही, हे दोन्ही बाजूंनी कबूल केलेलं असलं पाहिजे.

दुसरी चूक ठाण्यातली. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अॅप उत्तम आहे, पण त्यातलं २० आणि ४० किलोमीटरचं वर्तुळ फोन जिथे आहे तिथलं असतं. ताईंचा फोन नौपाड्यात होता. ‘२० किलोमीटरमध्ये काही नाही’ हे वाक्य मुंब्रा, भिवंडी आणि ऐरोलीबद्दल पूर्ण खरं होतं. नकाशा सरकवून सांकरी पाहिली असती, तरी रिकाम्या पडद्यावरून निर्धास्त होणं चूकच ठरलं असतं. संवेदक जमिनीवर येणाऱ्या जोरकस विजा चांगल्या पकडतात, ढगातल्या ढगातली एकुलती वीज निसटू शकते. अॅपवर वीज दिसली तर धोका आहे. दिसली नाही तर काहीच सिद्ध होत नाही.

तिसरी चूक दोघांची सामाईक आहे आणि ती ४:५० ला घडली. ग्राउपेल पडू लागलं तेव्हाच ढगाने कळवलं होतं की हवा जोरात वर चढते आहे आणि आत न गोठलेलं पाणी भरपूर आहे. पहिल्या विजेच्या पाऊण तास आधी ही सूचना अंगावर पडत होती. प्रत्येक ग्राउपेलमागे वीज येतेच असं नाही, बहुतेक वेळा येत नाही. पण इशाऱ्यात विजा लिहिलेल्या असताना ग्राउपेल आलं तर थांबायचं कशासाठी? जानेवारी अखेरीस तिथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. गाइडला विचारून, उजेड असताना तंबू खाली झाडोऱ्याशी हलवायला पाऊण तास हातात होता.

५:५२ नंतर कॅम्पवर

वीज चमकल्यावर कोणत्याही लीडरचा हात पहिल्यांदा शिट्टीकडे जातो: सगळ्यांना जेवणाच्या तंबूत गोळा करा, डोकी मोजा. इथे ते करू नये. जेवणाचा तंबू कॅम्पातला सर्वांत उंच, मधोमध लोखंडी खांब, आणि आत पंधरा माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली. विजेने होणाऱ्या मृत्यूंपैकी थेट अंगावर वीज पडून होणारे फक्त ३ ते ५ टक्के असतात. निम्म्याच्या आसपास मृत्यू जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहाने होतात आणि साधारण एक तृतीयांश शेजारच्या झाडावरून किंवा खांबावरून उडी मारलेल्या विजेने. खडकाळ, गोठलेली जमीन वीज नीट मुरू देत नाही, त्यामुळे प्रवाह पृष्ठभागावर दूरवर सरपटतो. एकत्र बसलेला गट एका फटक्यात आडवा होऊ शकतो, मग मदत कोण करणार?

डोकी मोजायची ती तंबूतंबूत फिरून, हाका मारून. एका तंबूत दोघं-तिघं, तंबूंमध्ये शक्य तर १५ मीटर अंतर. पोल, क्रॅम्पॉन (बुटांखाली लावायचे धातूचे काटे), स्टोव्ह, धातूच्या बाटल्या बाहेर एका बाजूला. फोमच्या मॅटवर, त्याखाली रिकामी सॅक टाकून, पावलं जुळवून बसायचं, पाठ तंबूच्या खांबाला टेकायची नाही. आडवं पडलं की डोकं आणि पाय यांच्यामधलं अंतर वाढतं आणि जमिनीतल्या प्रवाहाला तेवढाच जास्त फरक मिळतो, म्हणून जोर असेपर्यंत बसून. हे सगळं धोका कमी करतं, संपवत नाही. तंबू हा विजेपासून आडोसा नाहीच. खरा आडोसा म्हणजे पक्की इमारत किंवा धातूच्या छताची बंद गाडी, आणि ती सांकरीत, काही तासांच्या उतरणीवर. रात्री तासाला सहा सेंटिमीटर बर्फात १४ जणांना खाली हाकणं विजेपेक्षा जास्त धोक्याचं आहे.

दोन पायांवर उकिडवं बसण्याचा सल्ला आजही सर्रास दिला जातो. पोल सूं करू लागले आणि पळायला जागा नाही, अशा काही मिनिटांपुरता तो ठीक. त्या स्थितीत तासभर बसायला सांगणाऱ्याने आधी स्वतः उणे सहात दहा मिनिटं बसून पाहावं. अमेरिकेच्या हवामान खात्यानेही हा सल्ला पुढे करणं कधीच थांबवलं आहे.

कोणी विजेने कोसळलं तर त्याच्या अंगात वीज उरत नाही, लगेच हात लावा. अनेक जण पडले असतील तर नेहमीचा क्रम उलटा करायचा: निपचित, श्वास नसलेल्याकडे आधी जा. ओरडणारा, कण्हणारा बहुधा वाचतो. विजेने हृदय थांबलं तरी बऱ्याचदा ते आपणहून पुन्हा सुरू होतं, पण श्वास घेणारं केंद्र बधिर राहतं आणि ऑक्सिजनअभावी हृदय दुसऱ्यांदा थांबतं. म्हणून नुसते छातीवर दाब पुरे नाहीत, तोंडाने श्वास द्यायचा: ३० दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० दाबांच्या गतीने. नाडी परतली आणि श्वास परतला नाही तर श्वास देत राहा. शरीर गारठलेलं असेल तर नाडी मंद आणि पुसट लागते, ती शोधायला मिनिटभर द्या.

रात्रीचा खरा शत्रू

विजेची भीती सगळं लक्ष खाते, आणि तेवढ्यात बर्फ आपलं काम करून जातो. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या अभ्यासात असं दिसलं की हिमवादळात वीज नोंदली गेली तर तिच्यापासून सुमारे ११० किलोमीटरच्या आत कुठेतरी निदान १५ सेंटिमीटर बर्फ पडण्याची शक्यता ८६ टक्के असते. हिमालयाला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण कारण तेच आहे: जी उभी हवा वीज करते तीच बर्फ ओतते. म्हणून वीज दिसली की ‘आता किती पडणार?’ हा प्रश्न विचारायचा.

प्रकरणात सहा ते अकरा या पाच तासांत ३० सेंटिमीटर पडला. पाण्याच्या हिशोबात हा जेमतेम २४ मिलिमीटर पाऊस, ठाण्यात जुलैत इतक्यासाठी कोणी छत्रीही बदलत नाही. तंबूवर मात्र ते चौरस मीटरला २४ किलो होतात. साधारण दोन मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद घुमटी तंबूवर सगळा साचला तर शंभर किलोच्या आसपास. खांब वाकतात, कापड आत येतं, आणि त्याआधी खालच्या बाजूने हवेची वाट बंद होते. झोपलेल्या माणसाला ते कळत नाही. दर तासाला पाळी लावून आतून थोपटून बर्फ पाडायचा आणि बाहेरून फावड्याने कडेचा बर्फ हटवायचा. विजेच्या जोरात मात्र पाळीवाला बाहेर जाणार नाही, तेव्हा आतून थोपटणं एवढंच. दरवाज्याची वरची चेन चार बोटं उघडी. थंडी वाजते म्हणून तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बर्फ मोजायला एक सपाट पाट किंवा ताट बाहेर ठेवून त्यावर पट्टीने दर तासाला आकडा घ्या आणि वहीत लिहा. ‘खूप पडतोय’ या निरोपाचा ठाण्यात काही उपयोग नाही. ‘७ ते ८: ६ सेंमी, दाणे थांबले, पाकळ्या मोठ्या’ याचा आहे.

अडीच वाजता आभाळ उघडलं

विक्षोभ पुढे सरकला की वारा वायव्येचा होतो, ढग फाटतात आणि चांदणं पडतं. अडीचला नेमकं तेच झालं. तीनला निघायचंच होतं. गटातल्या एका काकांनी विचारलं, “दादा, एवढं स्वच्छ झालंय, वीजपण गेली, मग अडचण काय?”

अडचण बर्फाच्या थरांत होती. जुन्या, टणक पृष्ठभागावर आधी ग्राउपेल पडलं होतं. त्याचे गोल दाणे एकमेकांना धरून राहत नाहीत, उतारावरून घरंगळत घळींत आणि कड्यांच्या पायथ्याशी जमतात. त्यावर ३० सेंटिमीटर नवा बर्फ, आणि आता वायव्येचा वारा तोच बर्फ उचलून पलीकडच्या उतारावर लादत होता. चोवीस तासांत ३० सेंटिमीटर नवा बर्फ आणि वारा, ही हिमस्खलनाची ओळखीची जोडी. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. फोनमधल्या कोनमापकाने शेवटच्या चढाचे तुकडे आदल्या दुपारी मोजलेले असतील तर चर्चा पाच मिनिटांत संपते. गडगडाटाच्या आवाजाने हिमस्खलन होतं ही समजूत मात्र चुकीची आहे. आवाजाचा दाब त्याला पुरत नाही, माणसाच्या पावलाचं वजन पुरतं. चंदीगडची संरक्षण संशोधन प्रयोगशाळा डीजीआरई हिमस्खलनाचा इशारा काढते. तो ठाण्यात वाचून सकाळी सांगता येतो, पण पहाटे तीनच्या निर्णयाला तो वेळेत पोचेल अशी आशा धरू नये.

माथा रद्द. उजाडल्यावर, उन्हाने उतार तापायच्या आधी, झाडोऱ्यातल्या वाटेने जुडा का तालाब. घळी ओलांडायची वेळ आली तर एकेक जण, बाकीचे आडोशाला. नेहमीच्या दीडपट वेळ धरायचा.

ठाण्यातून काय सांगायला हवं होतं

५:४५ च्या निरोपाला योग्य उत्तर असं: “दादा, आधी टेपाडावरून खाली या. तिथून पुढचा निरोप नको. जेवणाच्या तंबूत गोळा होऊ नका, तंबूतंबूत बसा. सकाळी आठपर्यंत फोन आला नाही तरी मी गृहीत धरेन की तुम्ही ठीक आहात. उद्याचा माथा रद्द समजते.” पाच वाक्यं, एकही प्रश्न नाही. प्रश्न विचारला की उत्तर द्यायला तो माणूस तिथेच उभा राहतो. शेवटचं वाक्य काहींना अधिकाराबाहेरचं वाटतं. आमच्या मते ते मागे बसलेल्यानेच म्हणावं, कारण पैसे भरून आलेल्या १४ जणांसमोर पहाटे तीनला ‘नाही’ म्हणणं लीडरला जड जातं आणि ‘ठाण्यातून कळवलंय’ हा त्याला आधार होतो.

मग स्वतःचं काम. इन्सॅट उपग्रहाची चित्रं अर्ध्या-अर्ध्या तासाने पाहावीत. हिवाळी विक्षोभात ढगांचे माथे थंडच असतात, त्यामुळे नुसत्या गडद रंगावरून काही ठरत नाही. गुळगुळीत चादरीत उठलेले गुठळ्यांसारखे पुंजके शोधायचे आणि ते कुठे सरकतात ते पाहायचं. टिहरीतल्या सुरकंडा देवीचं डॉप्लर रडार केदारकंठ्यापासून हवाई अंतराने ७० किलोमीटरच्या आसपास आहे. मधल्या डोंगरांमुळे त्याची किरणं अडतात, म्हणून तिथेही कोरी जागा म्हणजे कोरडी जागा असं समजायचं नाही. गाइडच्या सांकरीतल्या घरी फोन लावून वारा, बर्फ आणि मोरीचा रस्ता विचारावा, त्या एका फोनवर बरंच कळतं.

घरच्यांच्या ग्रुपवर एकच निरोप: गट कॅम्पवर आहे, बर्फ जोरात आहे, माथा रद्द, सकाळपर्यंत संपर्क होणार नाही, पुढचा निरोप नऊ वाजता. विजेचा व्हिडिओ टाकू नये. फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकी हवामान वार्ताहर जिम कँटोरी मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला हिमवादळात वीज पाहून कॅमेऱ्यासमोर उड्या मारत होता आणि ते दृश्य जगभर फिरलं. तो शहरात होता, आडोसा जवळ होता. खारघरला बसलेल्या आईला ते बघून उड्या सुचणार नाहीत.

सरावात एका प्रश्नावर हमखास दोन तट पडतात: पहिली वीज झाल्यावर, ५:३५ ला, झाडोऱ्यात उतरायचं की नाही? उतरा म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की सारख्या उंचीच्या दाट झाडीत, खोडांपासून दूर, उघड्या उतारापेक्षा धोका कमी. थांबा म्हणणारे बर्फाने लगडलेल्या फांद्या, मोडकी झाडं आणि अंधारात हरवणारा शेवटचा माणूस दाखवतात. आमचा कौल: उजेड शिल्लक, वाट गाइडच्या पायाखालची आणि खाली तंबू उभारायची जागा आधी पाहून ठेवलेली, या तिन्ही गोष्टी असतील तर उतरा. एक जरी नसेल तर जिथे आहात तिथे विखरून बसा. ५:३५ ला पहिली अट संपत आली होती, ४:५० ला तिन्ही होत्या.

परतीचं आरक्षण करताना देहरादूनला एक दिवस मोकळा ठेवावा. जोरदार बर्फानंतर सांकरी-मोरी रस्ता सकाळी साफ होईलच असं नाही, आणि दुपारची गाडी गाठायच्या घाईत ओल्या बर्फावरून जीप हाकायला लावणं हा या सहलीतला विजेपेक्षा मोठा धोका आहे.